पिल्लाला हात लावू नका, म्हणे!

दहावीचा निकाल लागला की आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक गोष्ट हमखास फिरते. एका माणसाला अंड्यातून बाहेर यायला धडपडणारं पिल्लू दिसतं. त्याला दया येते. तो कवच फोडून पिल्लाला बाहेर काढतो आणि पिल्लू थोड्या वेळात मरतं. खाली जाड अक्षरांत तात्पर्य: संघर्ष बळ देतो, मदत कमकुवत करते. त्याखाली जोडलेले हात आणि पंचवीसेक अंगठे. कधी अंड्याच्या जागी कोष असतो आणि पिल्लाच्या जागी फुलपाखरू. तात्पर्य मात्र बदलत नाही.

ही गोष्ट मी स्वतः वर्गात सांगितलेली आहे, एकदा नव्हे, अनेकदा. बी.एड.च्या सराव पाठात प्रस्तावना म्हणून तिचाच वापर केला होता आणि पाठ टाचणावर ‘छान’ असा शेरा मिळाला होता. आता मी म्हणतो की ही गोष्ट अर्धी खोटी आहे, आणि तिचा खोटा अर्धा भाग आमच्या मुलांच्या मुळावर आला आहे.

दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात होतो. दुपारचं सत्र, पंखे बंद. एका बाईंनी उभं राहून विचारलं, “सर, आठवीतली सहा मुलं माझ्याकडे अशी आहेत की ज्यांना परिच्छेद सलग वाचता येत नाही. त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर तासभर थांबायची परवानगी मिळेल का?” समोरच्या सुलभकांनी उत्तर म्हणून पिल्लाची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. बाई खाली बसल्या. मग जेवणाची सुट्टी झाली. त्या टाळ्यांमध्ये माझ्याही दोन हातांचा आवाज होता, म्हणून हे लिहितोय.

मराठवाड्यातल्या आमच्या गावच्या घरात अम्मीच्या कोंबड्या असत. कोंबडी खुडूक झाली की अम्मी तिला भुसा घातलेल्या टोपलीत अंड्यांवर बसवायची आणि चुलीमागच्या भिंतीवर रोज कोळशाची एक रेघ ओढायची. एकवीस रेघा झाल्या की पिल्लं. त्या कोळशाच्या रेघांमुळे मी शाळेत जाण्याआधी एकवीसपर्यंत मोजायला शिकलो.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. विसाव्या रेघेच्या दिवशी एका अंड्यावर बारीक तडा दिसला. कान लावला तर आतून चिवचिव ऐकू आली. अम्मी पाण्याला गेली होती. मी नखाने कवच सोलायला सुरुवात केली. आधी पांढरा पडदा दिसला आणि मग त्या पडद्यातून रक्त आलं. पिल्लाच्या पोटाला पिवळा बलक लोंबत होता. मगरिबच्या आत ते गेलं. अम्मी मारायला आली नाही, एवढंच म्हणाली, “हात नको लगा बोली थी ना? अभी खून था उसमें.”

इथवर गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांच्या बाजूची आहे. पण ती दुसऱ्या दिवशी संपली, आणि तो भाग कुणी फॉरवर्ड करत नाही.

दुसऱ्या दिवसापर्यंत नऊ पिल्लं निघाली. कोंबडी त्यांना घेऊन टोपलीतून उतरली आणि अंगणात निघून गेली. मागे एक अंडं राहिलं. त्याला आदल्या संध्याकाळपासून भोक पडलेलं होतं आणि आत चोच दिसत होती, पण भोक काही वाढत नव्हतं. सकाळी ते पिल्लू जोरात ओरडत होतं, दुपारपर्यंत आवाज बसला. मी लांब उभा. आदल्या दिवशीचा धडा पक्का शिकलो होतो: हात लावायचा नाही. अम्मीने मात्र अंडं उचललं, उजेडाकडे धरलं आणि मला म्हणाली, “कोमट पानी ला कटोरे में. और कापूस.”

भोकाच्या कडेचा पडदा कागदासारखा कोरडा, पिवळट झाला होता आणि पिल्लाच्या अंगाला चिकटला होता. अम्मीने कापसाने तो भिजवला. नखाने भोकाच्या कडेने कवचाचा एक तुकडा काढला, मग दुसरा. तिसऱ्याला लाल रेघ दिसली तशी थांबली. अंडं ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवलं आणि जोहरच्या नमाजला उभी राहिली. असरनंतर पुन्हा पाहिलं, लाल रेघ नाहीशी झाली होती. पुन्हा थोडं सोडवलं. खालचं अर्धं कवच मात्र तिने तसंच ठेवलं. मी म्हणालो, “अम्मी, पूरा निकालो ना.” ती म्हणाली, “इत्ता उसका काम है.” दिवा लागायच्या वेळी पिल्लाने लाथा मारून ते अर्धं कवच स्वतः झटकलं. त्याचा एक पंजा वाकडा राहिला. पुढे ती कोंबडी झाली, वाकड्या पंजानेच चालायची, आणि दोन-तीन वर्षं आम्ही तिची अंडी खाल्ली.

घर तेच, बाई तीच, दोन दिवसांत दोन उलट उत्तरं. माझी अम्मी चौथी शिकलेली. तिने कसलंही तात्पर्य सांगितलं नाही. तिने फक्त अंडं उजेडाकडे धरून आत काय चाललंय ते पाहिलं.

आता आत नेमकं काय चाललेलं असतं ते पाहू, कारण गोष्ट सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी अंडं फुटताना पाहिलेलं असतं. कवचाच्या आतल्या पडद्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि जवळजवळ तीन आठवडे पिल्लू त्या जाळ्यातूनच श्वास घेतं. शेवटच्या दोन दिवसांत ते चोचीने आतला पडदा फाडतं आणि अंड्याच्या रुंद टोकाला असलेल्या हवेच्या पोकळीत पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेतं. मग चोचीच्या टोकावरच्या बारीक टणक खड्याने कवचाला भोक पाडतं आणि थांबतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं अडकलं. पण त्या वेळात जाळ्यातलं रक्त अंगात ओढलं जात असतं, उरलेला बलक पोटात घेतला जात असतो. भोक पडल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास सहज जातात. या वेळात सोलाल तर रक्त जाईल. माझ्या हातून मेलेलं पिल्लू मदतीने मेलं नाही, ते घाईने आणि अज्ञानाने मेलं.

आणि ते रक्त आत गेल्यावरही पिल्लू अडकून राहू शकतं. हवा कोरडी असेल तर पडदा सुकून अंगाला आवळतो आणि पिल्लाला मान फिरवता येत नाही. काही पिल्लांचं डोकं निमुळत्या टोकाकडे असतं, म्हणजे हवेच्या पोकळीपासून उलट्या दिशेला. अशा पिल्लाने कितीही ‘संघर्ष’ केला तरी कधी कधी त्याच्या नशिबी कवचातच गुदमरणं येतं. त्या मरणातून कुणालाही बळ मिळत नाही. म्हणूनच उबवणी यंत्रवाले शेवटच्या तीन दिवसांत ओलावा वाढवतात. ती मदतच आहे.

मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीतल्या एका गाळलेल्या पात्राचा येतो. गोष्टीत माणूस आहे, पिल्लू आहे, कवच आहे. कोंबडी कुठे आहे? एकवीस दिवस दाणापाण्यापुरतीच उठणारी, पोटाची पिसं झडून उघड्या कातडीने ऊब देणारी, दिवसातून अनेकदा चोचीने प्रत्येक अंडं फिरवणारी ती बाई गोष्टीतून बेपत्ता केली आहे. आतल्या पिल्लाचा आवाज यायला लागला की ती बाहेरून आवाज देते. ‘एकट्याने संघर्ष करणारं पिल्लू’ नावाचं काही निसर्गात नसतं. सदोतीस-साडेसदोतीस अंशांची ऊब कुणीतरी सतत तीन आठवडे दिलेली असते, तेव्हा कुठे त्या शेवटच्या दिवसाच्या धडपडीला अर्थ असतो. थंड पडलेल्या अंड्याला संघर्षाचं व्याख्यान देऊन पाहा.

फुलपाखराचंच घ्या. निकोस कझान्टझाकिस या ग्रीक लेखकाच्या १९४६ साली आलेल्या ‘झोर्बा’च्या कादंबरीत असा प्रसंग आहे. निवेदक फुंकर घालून कोषाला ऊब देतो, फुलपाखरू वेळेआधी बाहेर येतं, पंख चुरगळलेले राहतात आणि ते त्याच्या तळहातावर मरतं. तिथे निवेदकाला पश्चात्ताप होतो तो उतावळेपणाचा. आपल्या फॉरवर्डांमध्ये मात्र ‘घाई करू नका’चं ‘मदत करू नका’ झालेलं असतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांमध्ये हजारो अंडी एका वेळी उबवायची कला फार जुनी आहे, अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापासून तिचे उल्लेख सापडतात. तिथले कारागीर तापमापकाशिवाय काम करत. अंडं पापणीला टेकवून ऊब कमी की जास्त ते ओळखत आणि त्याप्रमाणे जाळ कमी-जास्त करत. पिढ्यान् पिढ्या हे ज्ञान बापाकडून मुलाकडे गेलं. अंडं अल्लाहच्या कुदरतीचं, यात त्यांना शंका नव्हती. पण म्हणून त्यांनी हात बांधून ठेवले नाहीत. आमच्या मोहल्ल्यात ‘कुदरत पे छोडो’ म्हणणारे बुजुर्ग भेटतात तेव्हा मला त्या पापण्या आठवतात.

आता वर्गात येऊ. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. माझ्यासमोरची मुलं घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू शिकतात, बाजारात मराठी ऐकतात. मराठीच्या पेपरात ती कुठे अडकतात हे मला वीस वर्षांच्या वह्यांमधून माहीत आहे. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. ‘किताब’ ती, पण ‘पुस्तक’ ते. हे ‘ते’ मुलाच्या भाषेत अस्तित्वातच नाही. ‘ळ’ नाही, म्हणून ‘शाळा’ची ‘शाला’ होते. ‘घोडा’चा ‘घोड्याला’ का होतो, ‘घोडाला’ का नाही, हे घरात मराठी असलेल्या मुलाला कधी शिकावं लागत नाही. लिहिताना एका तासाला हात उजवीकडून डावीकडे चालतो आणि पुढच्या तासाला डावीकडून उजवीकडे. जो मुलगा इतकं करून पेपरात अठ्ठावीस मार्क आणतो, त्याच्याविषयी शिक्षक कक्षात चहा पिताना आम्ही म्हणतो, “मेहनत नको त्याला.” मुलगा निमुळत्या टोकाकडे डोकं करून बसलेला असतो आणि आम्ही त्याला आळशी ठरवून मोकळे होतो.

बी.एड.ला आम्हाला वायगॉट्स्की शिकवला होता. परीक्षेला हमखास प्रश्न. मूल एकट्याने जे करू शकतं आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकतं, या दोहोंमधल्या जागेत शिक्षण घडतं, असं सांगणारा हा माणूस १९३४ साली वारला. त्यावर वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ साली पाड बांधण्याची उपमा दिली: इमारत उभी राहीपर्यंत आधार द्यायचा, मग एकेक बांबू काढून घ्यायचा. दहा मार्कांसाठी मी हे पाठ केलं होतं. घरी अम्मीने तेच कोमट पाण्याच्या कटोऱ्याने करून दाखवलेलं होतं, ते काही उत्तरपत्रिकेत लिहायला सुचलं नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १६ ने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायला बंदी होती. २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीला परीक्षा घेऊन नापास करायची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ साली ती वापरायचं ठरवलं. या निर्णयाचं स्वागत करताना आमच्या लोकांनी पुन्हा पिल्लू बाहेर काढलं: मुलं आता संघर्ष करतील! पण दुरुस्तीचा मजकूर तर वाचा. नापास झालेल्या मुलाला आधी जादा शिकवणी द्यायची, दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यायची, आणि त्यानंतरच मागे ठेवण्याचा विचार, असा क्रम कायद्याने लिहिला आहे. आम्ही शेवटचं वाक्य उचललं आणि मधलं वाक्य उन्हाळी सुट्टीत विसरलो. प्रशिक्षणातल्या त्या बाई जे मागत होत्या ते कायद्यालाही मान्य आहे.

मला माहीत आहे, कुणी म्हणेल, सर, तुम्हीच तर कॉपीला शिव्या घालता. घालतोच. परीक्षेत फळ्यावर उत्तरं लिहून देणारा मास्तर विसाव्या दिवशी कवच सोलतोय. मुलाचा प्रकल्प कॉम्प्युटरवाल्याकडून छापून आणणारे पालकही तेच करतात. गाइडमधला निबंध पाठ करून घेणारा मी, तोही तेच करत आलोय. अशा मदतीने मूल मरतं, हे मी रक्ताने शिकलो आहे. पण मग करायचं काय तर अंडं उजेडाकडे धरायचं, कधी थांबायचं ते पाहायचं. हे कष्टाचं काम आहे. हात न लावणं फार सोपं. आणि त्या सोपेपणाला तत्त्वज्ञान मिळालं की माणूस चारला घरी जाऊन झोपू शकतो.

आणखी एक गोष्ट कुणी लक्षात घेतली आहे का? ही कथा श्रीमंताच्या पोराला कुणी सांगत नाही. त्याला शाळा झाली की शिकवणी, शिकवणी झाली की टेस्ट सीरिज, गरज पडली तर कोटा. त्याचं यंत्र चोवीस तास चालू असतं, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. तिथे मदतीला ‘गुंतवणूक’ म्हणतात. बेकरीवर पहाटे चारला पाव काढून साडेदहाला वर्गात पेंगणाऱ्या पोराने कुणी तासभर जास्त शिकवा म्हटलं की लगेच संघर्षाचं महत्त्व आठवतं.

आमची कौमही यातून सुटत नाही. सच्चर समितीने २००६ साली सांगितलं की सहा ते चौदा वयातली पंचवीस टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच सुटली. त्या आकड्यावर आजवर किती तकरीरी झाल्या! आणि दर जून-जुलैत आमच्याकडे काय होतं? गुणगौरव समारंभ. नव्वद टक्केवाल्यांना शाल, ट्रॉफी, फोटो. चांगलं आहे, मीही जातो, सूत्रसंचालनही करतो. पण अंगणात उतरलेल्या नऊ पिल्लांचे फोटो काढणाऱ्या मंडळींना टोपलीत काही उरलंय का, हे वाकून बघावंसं वाटत नाही. त्याच दिवसांत नापास मुलांच्या पुरवणी परीक्षेचे फॉर्म भरायचे असतात. त्याची तारीख सांगायला घरोघर फिरणारी कमिटी मी अजून पाहिलेली नाही. मोठे पैसे लागत नाहीत त्याला. फॉर्म, फी, एक महिन्याची शिकवणी. वापरायच्या साध्या वस्तूही शेजाऱ्याला न देणाऱ्यांविषयी सूरह माऊनमध्ये काय म्हटलंय ते आपण नमाजात कितीदा ऐकतो.

हे सगळं मी इतक्या तावातावाने लिहितोय त्याला कारण आहे.

दहा-अकरा वर्षं झाली. निकालानंतर एक मुलगा घरी आला. मराठी आणि गणितात गेला होता. मराठीत थोडक्यात. चप्पल काढून दाराशी उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, “सर, अब क्या करना?” दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला जाता येतं, जुलैत पुन्हा परीक्षा देता येते, हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पण त्या दिवशी घरात पाहुणे होते आणि माझ्याकडे एक तयार गोष्ट होती. मी त्याला दारातच पिल्लाची गोष्ट सांगितली. खूप मेहनत कर म्हणालो. तो “जी सर” म्हणाला, चप्पल घातली आणि गेला. नंतर कळलं, बापाने त्याला एका गॅरेजवर ठेवलं. तो नापास झाला याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. मी त्याला काहीच दिलं नाही, हे कळायला बरीच वर्षं गेली.

गेल्या महिन्यात माझी गाडी बंद पडली, ढकलत नेली तर दुकान त्याचंच निघालं. आता दाढी आहे, हाताखाली दोन पोरं आहेत. त्याने गाडी नीट केली, पैसे घेईना. मी जबरदस्तीने दिले. चहा मागवला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना त्याने हात पुसत विचारलं, “सर, वो सतरा नंबर का फारम अब्बी भर सकते क्या? मेरी बीवी बोलती दसवी कर लो.”

मी त्याला शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन रविवारी घरी बोलावलं. रविवारी तो आला, आणि या वेळी आत येऊन बसला. दाखल्यावर जन्मतारीख चुकीची आहे, त्यासाठी आधी त्याच्या जुन्या शाळेत जावं लागेल. उद्या पहिल्या तासानंतर जाणार आहोत.